माहेरचा कारखाना

१२ जून २००६, सोमवार

बर्फ. ख्राइस्टचर्चचा जून म्हणजे ऐन हिवाळा, सकाळी पडदा सारला तर अंगण गायब. रेडिओवर शाळा बंद, बस बंद. ग्रॅहमला, म्हणजे आमच्या मालकाला, फोन केला. म्हणाला, कारखान्याचं गेटच उघडत नाहीये, घरी बस. सोमवारी सकाळी हे ऐकायला मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य.

मिलिंदचं बर्फाचं सगळं ज्ञान मनालीतलं. हनिमूनला भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, आणि फोटोवाला 'मॅडम, सर पर फेंको' म्हणाला म्हणून मी फेकलेला एक गोळा. तो फोटो अजून सासूबाईंच्या शोकेसमध्ये आहे. तेवढ्या भांडवलावर नवरा ईशाला गोळा वळायला शिकवायला निघाला. ईशा दहाची, इथेच वाढलेली. 'डॅड, आय नो.'

गल्लीतली सगळी पोरं रस्त्यावर. दोन टोळ्या. मोठी पुढे, फेकणारी. कुंपणामागे बारकी पोरं खाली बसून गोळे वळून ढीग लावणारी. ईशा वळणाऱ्यांत. खिडकीतून बघत होते, बया एकदाही उभी राहिली नाही. मी विणलेले लोकरीचे हातमोजे भिजून लोंबत होते. आत आली तेव्हा बोटं लालबुंद. कोमट पाण्यात घातली तर किंचाळली.

'तू का नाही गं फेकलेस?'

'समबडी हॅज टु मेक देम, आई. वुई वन!'

आनंद खराखुरा होता तिचा. मला मात्र संताप आला. तिचा, की त्या मोठ्या घोड्यांचा, कोण जाणे.

१४ जून

बर्फ संपला, चिखल उरला. हॉर्नबीत, कारखान्याच्या भागात, सगळीकडे राखाडी रबडी. कामावर गेले.

सीना शिलाईच्या लाइनीवरची सगळ्यात जुनी. सामोअन, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, ओव्हरलॉक मशीन चालवता चालवता चर्चमधली गाणी म्हणते. तिला गोळ्यांची गोष्ट सांगितली. ती मशीन न थांबवता म्हणाली, 'गुड गर्ल. पण पुढच्या वेळी तिला फेकायला सांग.' एवढं हसलो आम्ही.

मी इथे क्वालिटी बघते. शाळांचे गणवेश, क्लबांच्या जर्सी. म्हणजे दुसऱ्याने घातलेली शिवण ओढून बघायची आणि नाक मुरडायचं, त्याचा पगार. लग्नाआधी आई म्हणायची ही पोरगी फार चिकित्सक आहे, हिचं कसं व्हायचं. झालं ते असं.

१६ जून, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे मि.चा आणि ईशाचा सिनेमा. व्हिडिओच्या दुकानातून डीव्हीडी, डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, चिप्स. दर वेळी खेळाचाच सिनेमा आणि दर वेळी तोच सिनेमा. टुकार टीम, दारुडा कोच, हाफटाइमला एक भाषण, शेवटच्या मिनिटाला विजय. नवरा दर वेळी डोळे पुसतो. पुण्यात कॉलेजच्या कॅरम टीममध्ये राखीव होता, एवढीच त्याची क्रीडा-कारकीर्द.

मी शिवण बघते. आजच्या सिनेमात पन्नास वर्षांपूर्वीची टीम आणि जर्सीला आजकालची चपटी शिलाई. सांगितलं तर दोघं एकदम, 'शूऽऽ!'

२२ जून

ग्रॅहमने आत बोलावलं. दार लावलं म्हणजे बातमी बरी नाही.

शर्ट आणि ट्रॅकसूट बाहेर शिवून घ्यायचे म्हणतो. इथे फक्त भरतकामाचे बिल्ले आणि दुरुस्त्या. सगळे बाहेर गेले, आपण एकटे किती दिवस तग धरणार. मी हे गृहीत धरूनच होते. पण मग त्याने कागद पुढे सरकवला आणि त्यावर गावाचं नाव होतं सोलापूर.

माझं सोलापूर! गणवेश शिवणारं गाव म्हणून आता परदेशात माहीत झालंय म्हणे. मूर्खासारखा अभिमान वाटला. ग्रॅहम म्हणाला, 'तू जा, बघून ये. तू हो म्हणालीस तर हो. मला पोरांनी शिवलेले कपडे नकोत, बाकी तुला कळतंच.'

साधा माणूस आहे. माझ्यावर विश्वास टाकतो, चक्क.

२३ जून

सीनाला कळलं. कारखान्यात कशाला लपतंय काही!

'सो युअर कझिन्स गेट माय जॉब, ए?' हसत म्हणाली. मी हसले नाही, तर तिनेच पाठीत थाप मारली. वृद्धाश्रमात काम मिळेल म्हणते, तिची बहीण तिथे आहे. मग थोड्या वेळाने, 'तिथल्या बायकांना पाठीच्या खुर्च्या आहेत का, बघून ये.' स्वतःच्या कमरेला हात लावून म्हणाली.

बघीन म्हटलं.

१८ जुलै, सोलापूर

सिंगापूर, हैदराबाद, तिथून गाडीने. हॉटेलात उतरले. सोलापुरात हॉटेलात, आयुष्यात पहिल्यांदा. आई जाऊन तीन वर्षं झाली, दादाने घर विकलं, तो बंगलोरला. रिक्षाने मुद्दाम गल्लीवरून गेले. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. उतरले नाही.

१९ जुलै

क्षीरसागर काकांचा कारखाना. मालकाला काका म्हणायचं नाही असं ठरवून गेले होते, चहाच्या आधीच म्हणून बसले.

खाली कटिंग, वर शिलाई. उजेड भरपूर, पंखे चालू, मागचा जिना मोकळा, संडास स्वच्छ. मशीनवर बसलेल्या सगळ्या बायका, एकही पोर नाही. खुर्च्यांना पाठी आहेत, सीनाला सांगायचं. खरं सांगायचं तर आमच्या हॉर्नबीच्या शेडपेक्षा बरं. शिवण ओढून बघितली, हलली नाही.

उतरताना फाटकात टेम्पो. शर्टांची गाठोडी चढत होती.

'हे कुठं निघालं?'

'काज-बटणाला. वस्तीत जातंय की. जॉबवर्क. घरोघरी बायका करतेत.'

'मला तेही बघायचंय.'

'बघू की ताई. आधी जेवून घ्या. काकू खोळंबल्यात.'

घर कारखान्याच्या मागेच. शेंगापोळी, वर तूप. कापण्या, आषाढ तळलेला. काकूंनी वाढता वाढता माहेरचं नाव काढून घेतलं, गल्ली काढून घेतली, आणि वाटी तशीच हातात धरून थांबल्या. 'अगं, म्हणजे तू शालनची लेक?' आई आणि त्या एकाच भजनी मंडळातल्या. आईचा आवाज वरच्या पट्टीत फाटायचा, तरी ती मागे हटायची नाही, असं सांगून हसल्या. मलाच माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली, कितीतरी दिवसांनी.

मग पाट मांडला. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मी नको नको म्हणाले ते म्हणायचं म्हणून. 'गप बस. सोलापुरातून लेक रिकाम्या ओटीनं जाती का?' रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

त्यानंतर वस्तीचा विषय मी काढला होता की नाही? काढला. काका म्हणाले, 'घरच्या माणसाला काय दाखवायचं!' सगळे हसले. मीही.

२० जुलै

आज वस्तीत जायचं असं काल मनात होतं. सकाळी काकांची गाडी आली ती थेट हैदराबादला सोडायला. सोबत शेंगाचटणीचा डबा. वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, विमान चुकलं असतं. असं मी म्हणते. ड्रायव्हरला गाडी वळव म्हटलं असतं तर त्याने वळवली असती.

२२ जुलै, शनिवार

ख्राइस्टचर्च विमानतळ. बॅग उघडायला लावली. खणात बांधलेली ओटी टेबलावर. नारळ गेला, हळकुंड गेलं. हातमोजे घातलेली बाई तांदूळ बोटाने उलटेपालटे करत होती.

'गिफ्ट?'

हो म्हटलं.

'कुणाकडून?'

सप्लायरकडून असं म्हणायला जीभच रेटेना. 'फॅमिली,' म्हटलं.

बाईने खण नीट घडी करून परत दिला. 

२४ जुलै

ग्रॅहम: 'ऑल गुड?'

मी: 'ऑल गुड.'

'स्वीट ॲज.' म्हणजे झकास. आणि फोनला लागला.

इतकंच. मला वाटलं होतं काहीतरी विचारेल. सीनाला खुर्च्यांचं सांगितलं. 'लकी गर्ल्स,' म्हणाली.

४ ऑगस्ट, शुक्रवार

सिनेमा. या वेळी पोरींची टीम. फाटक्या कपड्यांत खेळतात म्हणून सगळे हसतात, आणि फायनलच्या आदल्या दिवशी खोकं उघडतं, आत नव्या कोऱ्या जर्सी. पोरी किंचाळतात, संगीत चढतं. मि. डोळे पुसायला सज्ज.

ईशा म्हणाली, 'हू मेड देम?'

मि. म्हणाला कोचने आणल्या.

'नो, बट हू मेड देम?'

ती चिप्स खात राहिली, विसरलीसुद्धा. मी उठून उगीच भांडी घासली.

१० ऑगस्ट

घ्या. ईशाच्याच शाळेची ऑर्डर. नवे गणवेश, सोलापूरहून येणारी पहिली मोठी खेप. आणि पालकांपैकी एका बाईने शाळेला विचारलंय, हे कोण शिवणार, त्यात लहान मुलांचे हात नाहीत याची खात्री कोण देणार. बरोबर आहे तिचं. मीही विचारलं असतं.

ग्रॅहम खूश. 'तूच उभी राहा मीटिंगमध्ये. तू पालकही आहेस, तू स्वतः बघूनही आलीस. तुझ्याहून चांगलं कोण?' २९ तारीख.

मि.ला सगळं सांगितलं, टेम्पो, गाठोडी, ओटी. तो म्हणाला, 'अगं, पण काही वाईट बघितलं तर नाहीस ना?' नाही. 'मग?' मग काय, मग हेच की मी बघितलंच नाही. त्याला समजलं, पण झोपताना म्हणाला, 'ग्रॅहमला आता सांगशील तर आधी का नाही सांगितलंस म्हणेल.' जसं काही हे मला सुचलंच नव्हतं!

१३ ऑगस्ट, रविवार

फोनकार्ड खरवडून सोलापूर लावलं. काका.

'काज-बटणाला कोण बसतं काका? पोरं असतात का?'

अगदी हळू, रागावून नव्हे, 'ताई, ओटी भरून पाठवलेली लेक माहेराची झडती घेती का?'

कार्डावरची मिनिटं पळत होती. मग काकूंनी फोन घेतला. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. 'बायका घरी बसून करायल्यात म्हणून तर त्यांना जमतंय. कारखान्यात या म्हटलं तर घरची पोरं कोण बघणार? आन् आई बटणं लावायली म्हटल्यावर पोरगी शेजारी बसून धागा कापणारच की. तू नाही बसलीस शालनजवळ?'

बसले होते. आई चादरींच्या दशांना गाठी मारायला घरी आणायची. शाळेतून आले की मी बसायचे. थंडीत बोटांना भेगा पडायच्या, पण आई तेव्हा गोष्टी सांगायची आणि दुसऱ्या कुठल्या वेळी सांगायची नाही. मला ते काम आवडायचं. हे मी कुठल्या तोंडाने मीटिंगमध्ये सांगू? आणि आवडायचं म्हणून ईशाला बसवीन का? नाही. एक दिवस गोळे वळले तिने तर माझं रक्त तापलं होतं.

काकू शेवटी म्हणाल्या, तुला जे बोलायचं ते बोल, पण वस्तीतल्या बायकांचं काम गेलं तर त्यांना काय सांगू तेही सांगून ठेव. मिनिटं संपली.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

सिनेमा लावला नाही. मि. म्हणे भाषणाची तालीम कर. सोफ्यावर दोघं प्रेक्षक. मी उभी राहून इंग्रजीत 'गुड इव्हनिंग' म्हटलं आणि पुढे गाडी अडली.

'हाफटाइमचं भाषण कर,' मि. म्हणाला. 'आधी आवाज खाली, मग वर.'

'तू कर,' म्हटलं.

दोन भाषणं तयार आहेत. एकात मी कारखाना बघितला, उत्तम आहे, धन्यवाद. त्यात एकही शब्द खोटा नाही. तेच जास्त त्रासदायक.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. मोदकांचं पीठ इथे नीट मिळत नाही, दर वर्षीचं रडगाणं. सामान आणायला बाहेर पडले, सीना सुपरमार्केटमध्ये भेटली, नातवंडांसकट. म्हणाली तिचं वृद्धाश्रमाचं अजून नक्की नाही. आधी नक्की म्हणत होती. मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती की काय?

२९ ऑगस्ट, मंगळवार

आत्ताच आलो. लिहून टाकते, उद्या वेगळं आठवेल.

शाळेचा हॉल, हीटरचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या. पालक फार नव्हते. पोरं मागे जिम्नॅशियमच्या गाद्यांवर, त्यात ईशा. ग्रॅहम पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मी कारखान्याचं सांगितलं. उजेड, जिना, खुर्च्या. ग्रॅहम मान हलवत होता. तिथे थांबता आलं असतं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवायला घेतल्या होत्या.

मग म्हटलं, पण बटणं तिथे लागत नाहीत. ती लोकांच्या घरी लागतात. तिथे मुलं आईजवळ बसून मदत करत असतील. करतात. मी ते बघायला जायला हवं होतं, गेले नाही.

ज्या बाईने प्रश्न काढला होता तिने विचारलं, 'का नाही गेलात?' चांगल्या आवाजात विचारलं.

आता ओटी इंग्रजीत कशी सांगणार! 'दे गेव्ह मी लंच,' म्हटलं. लोक हसले. मग म्हटलं, त्यांनी मला त्या घरची मुलगी केलं, आणि मुलगी झाल्यावर मला तपासता येईना. हसणं थांबलं. आवाजाचं खाली-वर वगैरे काही जमलं नाही.

एका गृहस्थाने विचारलं, 'मग हे हो आहे की नाही?' मी म्हटलं, मला माहीत नाही. दुसऱ्याने विचारलं कापड धुतल्यावर आटतं का. तेवढं मला नेमकं माहीत होतं, सांगितलं. शाळा म्हणाली पुढच्या टर्मला ठरवू. मग चहा.

पार्किंगमध्ये ग्रॅहम. 'हे मला जुलैत सांगता आलं असतं, व्ही.' वैशाली त्याच्या जिभेला जड. हो, म्हटलं. गाडीत बसून निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गाडीत ईशा: 'डिड यू विन?'

मि. म्हणाला, 'मॅच अनिर्णित.' तिला तो शब्द कळला नाही. त्यानेही समजावला नाही.

३१ ऑगस्ट

ग्रॅहम आज बोलला. नोव्हेंबरात परत जा, घरोघरी जाऊन बघ, मग ठरवू. जमणार नसेल तर चीनचा एक जण मागे लागलाय, तिकडे कुणी तुला जेवायला घालणार नाही. हे तो गमतीत म्हणाला की कसं, कळलं नाही. तोवर जी काही खेप निघेल ती इथेच शिवायची. सीना आणि बाकीच्या वर्षअखेरपर्यंत तरी आहेत. सीनाने मला मिठी मारली, वर म्हणाली, 'डोन्ट लुक सो सॅड, गर्ल.' मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण वस्तीतल्या बायकांची तोंडं मी पाहिलेली नाहीत तरी डोळ्यांपुढे येत राहिली.

जाऊन काय सांगणार त्यांना? पोरीला उठवा म्हणून? आणि त्या उठवतील, मी दारात असेपर्यंत.

३ सप्टेंबर, रविवार

सोलापूरला फोन. दोन दिवस टाळत होते. लक्ष्म्या आटोपल्या असतील, आता काकू निवांत असतील, असं मनाला सांगून लावला. काकाच फोनवर येतील आणि ठेवून देतील अशी खात्री होती.

काकूंनीच उचलला. मीटिंगमध्ये काय बोलले ते सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. नोव्हेंबरात येतेय, वस्तीत घरोघरी जायचंय, हेही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्या गॅस बंद करून परत आल्या.

'ये की. यायला काय विचारायचं.'

'काका?'

'त्यांचं असू दे. त्यांचा राग जेवणापुरता. हे बघ वैशाली. तू तपासायला येणार म्हणतीस. ये. मी स्वतः चलते तुझ्यासंगं, घरं दाखविते. पण ह्या खेपेला ओटी भरायची का नाही, ते तूच सांग. आयत्या वेळी पाट मांडून ठेवला आन् तू नको म्हटलीस, तर ते मला सोसायचं नाही.'

मी म्हटलं, कळवते.

अजून कळवलेलं नाही.